पऱ्हाटीचे फूल, खिडकीचा उजेड

वर्धा जिल्ह्यात पावसाळा सरत आला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर येते. धुऱ्यावरून चालताना एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसतात. दुधी-पिवळसर आहे ते आज सकाळी उमललेले, गुलाबी पडले ते कालचे. एक-दोन दिवसांत तेही सुकते आणि खाली बोंड धरू लागते. शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. त्याचे लक्ष पात्या किती गळाल्या आणि बोंडे किती टिकली याकडे. फुलांचे फोटो काढायला शिकणाऱ्याला मात्र याहून चांगला पहिला धडा मिळायचा नाही. दुधी फूल हवे असेल तर ते आजच टिपावे लागते, तेही ऊन चढायच्या आत.

वर्धा-नागपूर रस्त्यावर, वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर पवनार आहे. खाली धाम नदी, वर विनोबा भावे यांचा आश्रम. विनोबा 1938 साली प्रकृती सुधारावी म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पहिले भाषण केले तेही इथेच. 1959 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. लोक इथे येतात ते विनोबांसाठी, नदीसाठी, शांततेसाठी. फोटोग्राफी शिकण्याचे ठिकाण म्हणून पवनारचे नाव कोणी घेत नाही. तरीही छायाचित्रण शिकण्याची एक फार चांगली गोष्ट याच परिसरात घडली आणि तिच्या सुरुवातीला भावे घराण्यातलाच माणूस होता.

गोष्ट कनू गांधींची. गांधीजींचे हे चुलत नातू 1917 चे. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात ते हिशेब, पत्रव्यवहार अशी कार्यालयातली कामे करत. विशीच्या आसपास त्यांना कॅमेऱ्याची ओढ लागली आणि विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना भरीस घातले. गांधीजींनी सुरुवातीला नकारच दिला. असल्या गोष्टीला आश्रमाकडे पैसे नव्हते. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. फोटोसाठी थांब, वळ, बस असे म्हणायचे नाही. आणि आश्रमाच्या पैशातून एक फिल्मही घ्यायची नाही.

या अटींकडे शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर गंमत कळते. फ्लॅश नाही, म्हणजे मातीच्या कुटीत दारा-खिडकीतून जो उजेड येईल तोच आपला. त्या काळच्या फिल्मला उजेड भरपूर लागे. ढगाळ दिवशी खोलीत माणूस जरा हलला की चित्र पुसट व्हायचे. समोरचा माणूस थांबणार नाही, म्हणजे तो कधी थबकतो याचा अंदाज बांधायला शिकायचे. पैसे नाहीत, म्हणजे एका रोलच्या बारा चौकटी जपून खर्चायच्या. आज महागड्या कार्यशाळेत शिकवणारे मुद्दाम असलीच बंधने घालतात. अर्धा तास, एक लेन्स, बारा फोटो, त्यावर नाही. कनू गांधींना हा अभ्यासक्रम आयता मिळाला आणि तो त्यांनी सुमारे दहा वर्षे, गांधीजींच्या मृत्यूपर्यंत गिरवला. त्या चित्रांत काही जागी हललेले हात आहेत, दाणेदार अंधार आहे. त्याने ती उणी ठरत नाहीत. जवळिकीचा जो भाव त्यांत आहे तो बाहेरून आलेल्या, चांगली सामग्री बाळगणाऱ्या छायाचित्रकारांना क्वचितच साधला. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट 1946 मध्ये गांधीजींचे फोटो काढायला आल्या तेव्हा त्यांना आधी चरखा चालवायला शिकावे लागले होते. गांधीजींच्या भोवतीचे वळण असे होते.

पवनारलाही कॅमेरा होता. विनोबांच्या निकट सहवासात राहिलेले गौतम बजाज यांनी त्यांची पुष्कळ छायाचित्रे काढली. पाहुणा म्हणून येऊन काढलेला फोटो आणि घरच्याने काढलेला फोटो यांत फरक असतो. तो या चित्रांतही कळतो.

कनू गांधींच्या त्या रोलायफ्लेक्सची एक खोड फुलांशी थेट संबंधित आहे. त्याला एकावर एक दोन भिंगे. वरच्यातून पाहायचे, खालच्यातून फोटो निघायचा. दहा-पंधरा फुटांवरच्या माणसाला याने काही बिघडत नाही. फूल हातभर अंतरावर असले की मात्र वरच्या भिंगाला दिसते ते आणि खालच्याला दिसते ते यांत दोन-चार बोटांचा फरक पडतो, आणि शेंडा कापला जातो. शिवाय तो कॅमेरा मुळात तीन फुटांच्या आत नीट पाहू शकत नसे. जवळ जायचे तर वेगळी भिंगे चढवावी लागत. फुलांची फोटोग्राफी हौशी माणसाच्या आवाक्यात आली ती भिंगातून थेट पाहता येणारे एसएलआर कॅमेरे आल्यावर. आता तर मोबाइललाही मॅक्रो असते.

आपल्याकडे फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली ती कनू गांधींच्या कितीतरी आधी. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग भरला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक निघाले. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओही काढला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ची आठवण सगळे काढतात. त्याआधी 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडेथोडे चित्रण महिन्याहून अधिक काळ केले आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेली ती खटपट होती. फाळक्यांच्या सिनेमाची नांदी एका रोपाच्या चित्रणाने झाली, हे फुलांच्या मागे लागलेल्या कोणीही अभिमानाने सांगावे असे आहे.

परदेशात पाहिले तर पानाफुलांचे फोटो काढणारे बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ट हे पेशानेच मास्तर. मूळचे शिल्पकलेचे, कलाशाळेत विद्यार्थ्यांना पानाफुलांवरून आकार घडवायला शिकवत. जित्या फांद्या वर्गात टिकेनात, म्हणून स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी कोंब, कळ्या, बोंडे कितीतरी पट मोठी करून टिपली. मागे साधा पुठ्ठा आणि बाजूने मऊ उजेड. तीसेक वर्षे हे काम फळ्यावर लावायचा तक्ता म्हणूनच चालले. 1928 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि साठी उलटलेला हा शिक्षक रातोरात नावाजला गेला. अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम यांनी 1925 च्या सुमारास मॅग्नोलियाच्या फुलाचे गाजलेले चित्र काढले तेव्हा घरात तीन लहान मुले होती. बाहेर जाता येत नव्हते, म्हणून त्या अंगणातल्या फुलांकडे वळल्या. इथेही बंधनच उपयोगी पडले.

आता फुलांच्या फोटोग्राफीची प्रत्यक्ष कार्यशाळा कशी असावी ते पाहू. मंडळी सहा-आठच असावीत. फी वाढवण्याची ही युक्ती नव्हे, ती फुलाची गरज आहे. टेबलावर एक जास्वंद ठेवली की तिच्याकडे पाहण्याचा चांगला कोन एखादाच निघतो आणि तिथे एकच ट्रायपॉड मावतो. बाकीच्यांनी करायचे काय? एकाने थर्माकोलचा तुकडा धरायचा, दुसऱ्याने खिडकीवर ट्रेसिंग पेपर, तिसऱ्याने पंखा बंद करून दार लोटायचे, कारण श्वासाएवढ्या झुळकीनेही पाकळी हलते. खरे शिक्षण इथेच होते. बटण दाबणारा स्क्रीनकडे पाहत असतो. थर्माकोल धरणाऱ्याला मात्र हात दोन बोटे पुढे नेल्यावर पाकळीखालची सावली कशी उचलली जाते ते समोर दिसते. पन्नास जणांच्या सभागृहात, पडद्यावरच्या स्लाइड पाहून हे कळत नाही. तशा शिबिरांतून लोक सेटिंगचे आकडे वहीत उतरवून घरी जातात, आणि घरच्या खिडकीला ते आकडे लागू पडत नाहीत.

जास्वंदच घ्या. तिच्या मधोमध नळी बाहेर आलेली असते. तिच्यावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच मखमली ठिपके. मॅक्रो लेन्सने फूल मूळ आकाराएवढे टिपायचे ठरवले तर f/8 ला नेमके स्पष्ट दिसणारे अंतर जेमतेम एक मिलिमीटर असते. नळी तर पाकळ्यांपासून दोन-तीन इंच पुढे. म्हणजे ठिपके स्पष्ट घेतले की पाकळ्या विरघळतात, पाकळ्यांच्या शिरा घेतल्या की ठिपके जातात. अ‍ॅपर्चर f/22 पर्यंत लहान करून थोडे मिळते, पण मग सगळेच चित्र किंचित बोथट होते. फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो काढून ते संगणकावर जोडण्याची सोय आज आहे. ती शिकवावीच. मात्र पहिल्या दिवशी नको. आपल्याला या फुलात काय दाखवायचे आहे, हे पहिल्या दिवशी ठरवावे लागले पाहिजे.

दुसरी अडचण लाल रंगाची. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन हिस्से वेगळे मोजतो. लाल जास्वंदीत किंवा पळसाच्या फुलात लाल हिस्सा काठोकाठ भरून वाहतो आणि एकूण सरासरी मात्र ठीक दिसते. नवशिक्या खूश होतो. घरी येऊन पाहतो तर पाकळी म्हणजे नुसता लाल डाग, शिरा नाहीत, सुरकुती नाही. उपाय सोपा आहे. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहायचा, उजेड पाऊण स्टॉप कमी करायचा आणि उन्हाऐवजी सावलीत काम करायचे. पांढऱ्याचे उलटे. पारिजातकाचा सडा कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडला तर तो त्याला राखी करून ठेवतो. तिथे उजेड वाढवावा लागतो.

पवनारला प्रकाशाचा आणखी एक धडा आयता आहे. इथल्या जमिनीतून निघालेली जुनी शिल्पे आश्रमात जपून ठेवलेली आहेत. राम-भरत भेटीचे शिल्प त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. विनोबा शेतात खणत असताना ते मिळाले.  छायाचित्रकारासाठी मुद्दा वेगळा आहे. उथळ कोरीव दगडावर समोरून उजेड टाकला की तो सपाट दिसतो. बाजूने, दगडाला घासून गेल्यासारखा टाकला की बोटे, वस्त्राच्या चुण्या, झुकलेली मान वर येते. पाकळीवरची शीर हेही उथळ कोरीव कामच आहे. शिल्पासमोर टॉर्च फिरवण्याची काही गरज नाही. तो आश्रम आहे, तिथला दिनक्रम मोडू नये. नुसते पाहिले आणि मग खोलीत फुलावर करून पाहिले, एवढे पुरते.

फुलावरून स्टुडिओकडे वळले की काम सोपे होते, कारण तत्त्व तेच. दिव्याचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. पुस्तकात हे वाक्य सगळ्यांनी वाचलेले असते. दिवा फुलापासून एक फुटावर आणि भिंत दिव्यापासून चार फुटांवर ठेवा. भिंतीवर फुलाच्या मानाने सोळावा हिस्सा उजेड पोचतो आणि पांढरी भिंत फोटोत काळपट होते. काळे मखमली कापड विकत आणायला निघालेला माणूस हे पाहून परत बसतो. तालुक्याच्या गावी लग्नाच्या ऑर्डरी घेणारे स्टुडिओवाले अशा वर्गात सर्वांत लवकर शिकतात, असे म्हणायला हरकत नाही. छत्री, सॉफ्टबॉक्स, रिफ्लेक्टर त्यांच्या हातात मुरलेले असतात. आजवर त्यांनी ते फक्त नवरा-नवरीवर वापरलेले, आणि तेही समोरून, दोन्ही बाजूंनी, सावली अजिबात नको या बेताने. फुलासमोर सावली ठेवायला ते पहिल्यांदा शिकतात, आणि मग त्यांच्या पुढच्या पोर्ट्रेटमध्ये नाकाच्या बाजूला थोडा अंधार दिसू लागतो. गिऱ्हाईक तक्रार करते ती गोष्ट वेगळी.

दुपारचे सत्र फोटो पाहण्याचे. प्रत्येकाने एकच निवडायचा. हा नियम सगळ्यांत जड जातो; दोनशे फोटो काढलेल्याला त्यांतला एक उचलणे म्हणजे शिक्षा वाटते. निवड झाली की आधी इतरांनी बोलायचे, काढणाऱ्याने गप्प राहायचे. ‘छान आहे’ हे शब्द वर्ज्य. नजर आधी कुठे जाते, मागचा पांढरा ठिपका मुद्दाम ठेवला की राहून गेला, देठ कुठे कापला आणि का, असे बोलणे हवे. सहा जणांत हे तासाभरात होते आणि कोणाचा पाणउतारा होत नाही, कारण सकाळी प्रत्येकाने प्रत्येकाचा थर्माकोल धरलेला असतो.

या भागात असा वर्ग घ्यायचा तर एप्रिल-मे सोडावेत. तेव्हा सकाळी नऊलाच फूल मान टाकते आणि माणूसही. फेब्रुवारी-मार्चला पळस आणि सावर असते. ऑगस्टच्या अखेरीपासून पऱ्हाटी, शेजारी भेंडी. दोघी जास्वंदीच्याच कुळातल्या, त्यामुळे एका फुलावर शिकलेले तिन्हींवर चालते. दसरा-दिवाळीला झेंडू आणि शेवंती ढिगाने मिळतात, पण त्यांचा पिवळाही लालासारखाच वाहतो, तेव्हा हिस्टोग्राम उघडा ठेवावा. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारावे. पऱ्हाटीचे फूल तोडून मागायचे नाही, कारण त्याच्यासाठी ते एक बोंड असते. ट्रायपॉड सऱ्यांमध्ये बसेल एवढा अरुंद उघडणारा आणावा, आणि गुडघ्याखाली जाड फडके, कारण इथली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळल्यावर टोचते.