पहिलीत पाऊल ठेवण्याआधी

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसलेल्या काही मुलांनी घरी गोष्टीची पुस्तके चाळलेली असतात. काहींनी छापील अक्षर पाहिलेले असते ते बिस्किटाच्या पुड्यावर. हा फरक शाळेच्या दाराबाहेर पडलेला असतो, म्हणून तो एकट्या बाईंच्या वा गुरुजींच्या जिवावर भरून निघत नाही.

जुना धडा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा वस्तीत न्यायची, हा त्यांचा खाक्या. म्हणून आदिवासी पाड्यांवर अंगणातच वर्ग भरला, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ मध्ये.

मेळाव्यात काय होते?

शालेय शिक्षण विभागाने ‘प्रथम’ संस्थेच्या साथीने राज्यभर ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालवले. एप्रिलमध्ये दाखलपात्र मुलांचा पहिला मेळावा, शाळा उघडल्यावर जूनमध्ये दुसरा. शाळेच्या आवारात टेबले मांडलेली असतात. एका टेबलापाशी मूल दोरीउडी मारते, दुसऱ्यापाशी चित्र पाहून गोष्ट सांगते, पुढे वस्तू मोजते. काय जमले, काय नाही, याची नोंद विकासपत्रावर होते आणि ते पत्र आईच्या हाती दिले जाते. ही परीक्षा नव्हे, हे मात्र पालकांना दहादा सांगावे लागते.

खरे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत

दोन मेळाव्यांच्या मधल्या काळात शाळा बंद असते. तेव्हा गल्लीतल्या चार-सहा आयांचा गट कामाला लागतो. एक आई पुढाकार घेते, बाकीच्यांना जमवते. कृतिपत्रके किंवा मोबाइलवर आलेले व्हिडिओ पाहून सगळ्या मुलांकडून कृती करून घेतात. चवळी आणि तूरडाळ एकत्र मिसळून निवडायला देणे, भाज्यांची नावे विचारणे, ‘मग काय झाले?’ म्हणत गोष्ट पुढे नेणे. यातले बरेचसे निरक्षर आईलाही करता येते. माझ्या मते अभियानाचे मर्म इथेच आहे: आईला प्रेक्षक न ठेवता तिच्यावर काम सोपवले.

घरची बोली

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथे ‘क्वेस्ट’ ही संस्था अंगणवाड्या आणि शाळांसोबत काम करते. अशा भागात घरात वारली बोलणाऱ्या मुलासमोर एकदम पुस्तकी मराठी येते. आधी त्याला त्याच्या बोलीत मनसोक्त बोलू द्यावे, अक्षरओळख नंतर. पाड्यावरच्या आजीला वर्गात बोलावून तिची गोष्ट ऐकवली, तर फारसा खर्चही येत नाही.

कपाटातली पुस्तके

शाळेला देणगी म्हणून पुस्तके येतात, फोटो निघतो आणि कपाटाला कुलूप लागते. फाटतील म्हणून जपलेले पुस्तक कुणी वाचत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. तुमच्या गावच्या समितीच्या पुढच्या बैठकीत त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे जरूर विचारा. आणि आठवड्यातून एक तास गोष्ट वाचून दाखवायला स्वतःचे नाव द्या.