व्यवसाय प्रक्रिया परिपक्वता

व्यवसाय प्रक्रिया परिपक्वता म्हणजे एखादी संस्था आपली नित्याची कामे किती पद्धतशीरपणे आखते, नोंदवते, मोजते आणि सुधारते याची पातळी होय. तिच्या मूल्यमापनात नफ्याऐवजी कामाची पद्धत तपासली जाते. मिळालेले यश योगायोगाचे आहे की ते पुन्हा मिळवता येईल, हे त्यातून समजते.

इतिहास

फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ मध्ये गुणवत्ता व्यवस्थापनाचा पाच टप्प्यांचा तक्ता मांडला. वॉट्स हम्फ्री यांच्या कार्यातून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर उद्योगासाठी परिपक्वता प्रतिमान विकसित झाले. ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण व्यवसायांसाठीचे प्रतिमान ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केले.

पातळ्या

१. प्रारंभिक – काम व्यक्तींवर अवलंबून असते.
२. व्यवस्थापित – प्रत्येक विभाग आपले काम नियमितपणे पार पाडतो.
३. प्रमाणित – संपूर्ण संस्थेत समान पद्धत असते.
४. पूर्वानुमेय – मोजमापांवरून निकालाचा अंदाज बांधता येतो.
५. नवोन्मेषी – सुधारणा सातत्याने होते.

मूल्यमापनासाठी कागदपत्रे, मुलाखती आणि प्रत्यक्ष पाहणी यांचा आधार घेतला जातो.

उदाहरण: साखर कारखाना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा होता. अशा उद्योगात ऊसनोंद, तोडणी, वाहतूक, वजन व गाळप ही एकच साखळी असते. तोडणीची पाळी कर्मचाऱ्याच्या मर्जीने ठरत असेल, तर ती पहिली पातळी होय. लागवडीची तारीख व वाण पाहून सर्व गटांत एकाच नियमाने पाळी लागत असेल, तर ती तिसरी पातळी होय. तोडणी ते गाळप यांतील वेळ रोज मोजून साखर उताऱ्याचा अंदाज बांधणे चौथ्या पातळीत येते.

तोडलेला ऊस पडून राहिल्यास वाळतो व त्यातील साखर घटते. वजनातील घट त्या शेतकऱ्याला सोसावी लागते. उसाची रास्त व किफायतशीर किंमत (एफआरपी) कारखान्याच्या उताऱ्याशी निगडित असल्याने उताऱ्यातील घट मात्र सर्व ऊसउत्पादकांच्या दरावर परिणाम करू शकते.

मर्यादा

वरची पातळी गाठली म्हणजे नफा निश्चित होतो असे नाही. अवर्षणात उत्तम नियोजन असूनही ऊस कमी पडतो. मूल्यमापन केवळ प्रमाणपत्रासाठी केल्यास कागदपत्रे वाढतात, परंतु काम सुधारत नाही.