चपटी केबल की गोल?

शाळेतला भंगारात निघालेला संगणक सातवीच्या मुलांसमोर उघडला. हार्ड डिस्कला जोडलेली राखाडी पट्टी बघून एकाने विचारलं, "सर, इथे गोल वायर का नाही लावली?"

त्या पट्टीत 80 तारा होत्या, पिना मात्र 40च! आधी पट्टीत तारा 40च असायच्या. माहितीचा वेग वाढला तसे शेजारच्या तारांमधले संदेश एकमेकांत मिसळू लागले. म्हणून प्रत्येक तारेशेजारी एक ग्राउंडची तार घातली. पट्टीत हा क्रम हलत नाही. त्याच तारा गोल गुंडाळल्या की कोण कुणाच्या शेजारी, याचा भरवसा नाही. कडेची लाल रेघ म्हणजे 1 नंबरची तार, त्यामुळे जोडतानाही गोंधळ होत नाही.

पण पट्टी एकाच दिशेने नीट वाकते. प्रिंटरचं डोकं सरळ रेषेत मागेपुढे सरकतं, तिथे चपटीच चालते. आमच्या प्रदर्शनातल्या यंत्रहाताला मात्र चपटी लावली, ती पिळली गेली आणि परीक्षक समोर असतानाच कनेक्टरपाशी तार सुटली. मुलांचे चेहरे बघवेनात.

तेव्हा पालकांनो, प्रकल्पाचं सामान आणताना केबल डब्यात गप्प बसणार की बाहेर ओढली-पिळली जाणार, ते आधी मुलाला विचारा. बाहेर असेल तर जाड आवरणाची गोलच घ्या.