सर्व्हरचा काटा मागे फिरवू नये

१ जुलै २०१२, रविवार. भारतात सकाळचे साडेपाच वाजण्याच्या बेतात असताना जागतिक प्रमाणवेळेत एक जादा सेकंद घातला गेला. पृथ्वीची गती अणुघड्याळाइतकी नेमकी नसते. दोघांचा मेळ राखण्यासाठी १९७२पासून असे २७ लीप सेकंद घालावे लागले आहेत. त्या दिवशी मात्र जगभरचे लिनक्स सर्व्हर हँग होऊ लागले. रेडिट बंद पडलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासचे प्रवासी विमानतळांवर ताटकळले.

झालं होतं असं, की लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, मुख्य घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण आतल्या टायमरना ते कळवलंच नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले. 'अर्ध्या सेकंदाने उठव' म्हणून झोपलेल्या प्रोग्रॅमची वेळ त्यांच्या लेखी आधीच टळून गेलेली. तो लगेच उठे, पुन्हा झोपे, पुन्हा उठे. जावा आणि मायएसक्यूएल याच फेऱ्यात सीपीयू खात बसले. गंमत म्हणजे उताराही घड्याळातच सापडला. 'डेट' कमांडने आहे तीच वेळ पुन्हा भरली, की टायमरना निरोप पोचे आणि सर्व्हर ताळ्यावर येई.

युनिक्सची वेळ म्हणजे १ जानेवारी १९७०पासूनची सेकंदांची मोजणी. ती मागे जाणार नाही, हे असंख्य प्रोग्रॅम गृहीत धरून चालतात. २०१६ सरताना आलेल्या लीप सेकंदाला क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस प्रोग्रॅमने दोन वेळांची वजाबाकी केली, उत्तर शून्याखाली गेलं आणि तो कोसळला. म्हणून 'किती वेळ लागला' हे मोजायला कधीच मागे न जाणारं वेगळं, मोनोटॉनिक घड्याळ वापरायचं असतं.

मग पुढे गेलेलं घड्याळ वेळेवर आणायचं कसं? मागे ओढायचं नाही, थोडं हळू चालवायचं. डेव्हिड मिल्स यांनी घडवलेली एनटीपी ही प्रणाली लहानसहान फरक असाच जिरवते. सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा फरक भरून निघायला सुमारे ३३ मिनिटं. मात्र तासाभराचा फरक या चालीने ८३ दिवस खाईल. तिथे थेट वेळ बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पण आधी डेटाबेस आणि ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन थांबवावेत, वेळ लावावी, ताडून पाहावी, मगच सेवा सुरू कराव्यात. सर्व्हर चालू होतानाच, डेटाबेसच्या आधी, हे उरकलं तर उत्तम. एनटीपीचा मूळ प्रोग्रॅमसुद्धा हजार सेकंदांहून मोठी तफावत दिसली, की दुरुस्ती न करता बंद होतो. एवढी चूक माणसाने पाहावी, हाच त्यामागचा विचार.

लीप सेकंदाची प्रथा २०३५पर्यंत आवरती घ्यायचं २०२२ साली ठरलं आहे. सर्व्हरमधला क्वार्ट्‌झ स्फटिक मात्र तापमानागणिक पुढेमागे होतच राहणार. त्यामुळे काटा मागे न फिरवण्याचं अॅडमिनचं हे पथ्य काही सुटणार नाही.