आमच्या परसातली तुती आणि डाळिंब

आमच्या घराच्या मागे छोटे परस आहे. तिथे अळू, कढीपत्ता, जास्वंद आणि दोन फळझाडे आहेत. एक तुती व दुसरे डाळिंब. ही झाडे कशी निवडायची आणि कशी वाढवायची ते मी सांगणार आहे. कारण माझे पहिले डाळिंब मेले. तुमचे मरू नये.

माझ्या मामांचे गाव आटपाडी. ते सांगली जिल्ह्यात आहे. तिकडे पाऊस फार थोडा पडतो आणि डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. पहिलीची परीक्षा झाल्यावर मी सुट्टीत तिकडे गेले होते. येताना मामांनी मला एक रोप दिले. मी ते न्हाणीजवळ खोलगट जागेत लावले. वर रोज तांब्याभर पाणी घातले. मला वाटले, जास्त पाणी घातले की लवकर मोठे होईल.

आपल्या आजऱ्याचा पाऊस तुम्हांला माहीतच आहे. आळ्यात पाणी साचून राहिले. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळी पाने पिवळी होऊन गळाली. रोप उपटले तर मुळे काळी पडून कुजली होती.

भाऊबीजेला मामा आले. आल्या आल्या म्हणाले, "डाळिंब कुठाय गं?" मी आजीच्या मागे लपले. आजी म्हणाली, "पोरीनं लई पाणी पाजलं त्याला." मामा रागावले नाहीत. ते म्हणाले, "आमच्याकडं पाणी न्हाई म्हणून ते जगतंय, तुमच्याकडं पाणी हाय म्हणून मरतंय. आता दुसरं लावू, पण शहाणपणानं."

मग मामांनी दुसरे रोप आणून दिले. ते गुटी कलमाचे होते. डाळिंबाचे बी पेरले तर झाड येते, पण फळ आईझाडासारखेच येईल असे नसते. म्हणून कलम घ्यावे. डाळिंबाचे गणेश, मृदुला, भगवा असे वाण आहेत. गणेश हा पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडून काढलेला वाण आहे. भगव्याचे दाणे लालभडक असतात. आमचे झाड भगव्याचे आहे. डाळिंबाचा अभ्यास करणारे राष्ट्रीय केंद्र सोलापूरला आहे. ते २००५ साली सुरू झाले.

जागा दिवसभर उन्हाची निवडली. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा काढला. त्यात माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत भरले. वर मातीचा दीड फूट उंचवटा केला आणि रोप त्याच्यावर लावले. भोवती चर काढली. आता कितीही पाऊस पडला तरी पाणी चरीतून निघून जाते.

पहिल्या वर्षी आलेली फुले मामांनी खुडायला सांगितली. मला फार वाईट वाटले. पण झाड लहान असताना फळे धरली तर ते वाढत नाही. पावसाळ्यात आलेली फुलेसुद्धा काढायची. ओलीमुळे फळावर तेलकट काळे डाग पडतात. त्याला तेल्या रोग म्हणतात. दसऱ्यानंतरची फुले ठेवायची. फुलापासून फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात.

डाळिंबाची फुले दोन प्रकारची असतात. ज्याचे बूड घागरीसारखे फुगीर असते, त्याचे फळ होते. जे घंटेसारखे असते, ते गळते. ते गळाले म्हणून रडू नये. मी रडले होते.

आता तुतीची गोष्ट. तुतीला आपला पाऊस चालतो, फक्त पाणी साचू द्यायचे नाही. काही तुतींना नुसते तुरेच येतात, फळ धरत नाही. म्हणून ज्या झाडाचे फळ आपण खाल्ले आहे, त्याचीच फांदी आणावी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब आणि तीन-चार डोळ्यांची काडी मृगात तिरकी खोचायची. एक डोळा वर ठेवायचा. पाऊस संपल्यावर झाड छाटले की नव्या फांद्यांना फळे येतात. हिरवे फळ खाऊ नये. लाल आंबट असते. काळे गोड असते. शाळेचा सदरा घालून मात्र खाऊ नये. डाग जात नाही, आणि आईचा मारही चुकत नाही.

रेशमाचा किडा तुतीचाच पाला खातो. तो आपल्याभोवती कोष विणतो. एका कोषातून सुमारे एक हजार मीटर धागा निघतो. एवढा धागा एका बोटाएवढ्या किड्यात कसा मावतो, याचे मला नवल वाटते.

यंदा आमच्या डाळिंबाला तीन फळे धरली आहेत. अळी शिरू नये म्हणून मी त्यांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधल्या आहेत. शिमग्याच्या सुमारास ती पिकतील. टिचकी मारल्यावर टणटण वाजले की फळ पिकले, असे आजी सांगते. एक फळ आजीला, कारण तापातून उठल्यापासून तिच्या तोंडाला चव नाही. एक मामांना. तिसरे आम्ही घरची सगळी वाटून खाऊ.

मित्रांनो, तुम्हीही परसात एक तरी झाड लावा. पण लावण्याआधी त्याला किती पाणी लागते, ते कुणाला तरी विचारा.

— इयत्ता चौथी