अस्तराची तयारी: आवश्यक काय आणि पुरेसं काय

गेल्या व्याख्यानात आपण आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला फरक पाहिला. सरपण कोरडं असल्याशिवाय चूल पेटत नाही. पण नुसतं सरपण कोरडं आहे म्हणून चूल आपोआप पेटत नाही. हे ऐकताना अगदी सोपं वाटतं. आज हाच फरक आपण अशा ठिकाणी नेऊन पाहणार आहोत, जिथे तो विसरला गेला की माणसांना, विशेषतः स्त्रियांना, फार सोसावं लागतं. विषय आहे आयव्हीएफ उपचारात भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी केली जाणारी अस्तराची तयारी. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. तेव्हा कोणती गोळी किती घ्यायची, हे आम्हाला विचारू नका. काय केलं जातं, का केलं जातं, आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो व कोणता येत नाही, एवढंच आपण पाहू.

अस्तर म्हणजे गर्भाशयाच्या आतला थर. त्याचा खोलचा भाग कायम राहतो. वरचा भाग दर महिन्याला वाढतो आणि गर्भ राहिला नाही तर पाळीतून निघून जातो. पाळीनंतरच्या पहिल्या टप्प्यात अंडाशयातून इस्ट्रोजेन येतं आणि त्याच्यामुळे अस्तर जाड होतं. स्त्रीबीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन येतं. त्याचं काम जाडी वाढवण्याचं नाही, अस्तराचा स्वभाव बदलण्याचं आहे. ग्रंथी पाझरू लागतात, पेशी फुगतात, रक्तवाहिन्या नागमोडी होतात. हा बदल झाल्यावर मोजके दिवस अस्तर भ्रूणाला रुजू देतं. मग ती संधी संपते. अॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गर्भांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टिकलेल्या गर्भांपैकी बहुतेक बीज बाहेर पडल्यावर आठव्या ते दहाव्या दिवसात रुजले होते.

म्हणजे इथे दोन घड्याळं आहेत. एक भ्रूणाचं आणि एक अस्तराचं. निसर्गात दोन्ही एकाच क्षणी, बीज सुटताना, सुरू होतात, म्हणून ती जुळलेली असतात. आयव्हीएफमध्ये भ्रूण बाहेर वाढवून गोठवलं की त्याचं घड्याळ थांबतं. आता अस्तराचं घड्याळ चालवत चालवत त्या वेळेपर्यंत आणायचं आणि मग भ्रूण आत सोडायचं. तयारी, तयारी म्हणतात ती हीच.

ती दोन मुख्य मार्गांनी होते. पहिल्यात स्त्रीची नेहमीची पाळी चालू देतात, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून बीज कधी सुटतं हे पाहतात, आणि तिथून दिवस मोजतात. दुसऱ्यात बाहेरून इस्ट्रोजेन देतात, साधारण दोन आठवडे; सोनोग्राफीत अस्तर पुरेसं दिसलं की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. पाच दिवस वाढवलेलं भ्रूण असेल, तर प्रोजेस्टेरॉनचे साधारण पाच दिवस पूर्ण झाल्यावर ते सोडतात. पाच दिवसांच्या भ्रूणासमोर पाच दिवसांचं अस्तर, असा हा हिशोब. म्हणूनच प्रोजेस्टेरॉनची वेळ चुकवू नका, असं डॉक्टर बजावतात.

दुसरा मार्ग मुळात शक्य आहे हे कशावरून कळलं? १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या चमूने एक गर्भधारणा नोंदवली. त्या स्त्रीची अंडाशयं कामच करत नव्हती. बीज दुसऱ्या स्त्रीचं होतं आणि अस्तर केवळ बाहेरून दिलेल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनवर तयार केलं होतं. त्याआधी आपल्याकडे, कोलकात्यात, डॉ. सुभाष मुखर्जी यांनी भ्रूण गोठवून, ५३ दिवस ठेवून, मग गर्भाशयात सोडलं होतं. ती मुलगी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मली. त्यांचं तेव्हा कोणी ऐकलं नाही, १९८१ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. १९८६ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात जन्मलेल्या बाळामागचे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींची कागदपत्रं तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला.

दोन्ही मार्गांत एक फरक मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बीज सुटल्यावर अंडाशयात मागे जी पिवळसर ग्रंथी उरते, ती प्रोजेस्टेरॉनबरोबर आणखीही काही द्रव्यं देते. पूर्ण औषधी मार्गात ही ग्रंथी तयारच होत नाही. म्हणून त्यात प्रोजेस्टेरॉन गर्भ राहिल्यावरही कित्येक आठवडे, वार स्वतः काम सांभाळेपर्यंत, चालू ठेवावं लागतं; आणि या मार्गाने राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक आढळला आहे. पाळी नियमित असेल तर 'माझ्यासाठी नैसर्गिक मार्ग चालेल का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

आता आपण मूळ मुद्द्यावर येऊ. सोनोग्राफीच्या टेबलावर एक आकडा सांगितला जातो: सात, आठ, साडेआठ मिलिमीटर. साधारणपणे सातच्या खाली असेल तर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी दिसतं, म्हणून डॉक्टर थांबतात. पण सातच्या खालीही गर्भ राहिलेले आहेत, आणि नऊ असूनही राहिलेले नाहीत. हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा घरात फिरतो. सासूबाई विचारतात, नणंद विचारते, 'किती झालं गं?' आणि निकाल नकारार्थी आला की लगेच अनुमान निघतं: अस्तरातच खोट असणार, म्हणजे हिच्यातच.

हे अनुमान सदोष आहे. आपल्या न्यायदर्शनात कारणसामग्री असा शब्द आहे. एकटी माती घडा घडवत नाही. माती, कुंभार, चाक, दांडा, पाणी अशी सगळी सामग्री जुळली तर घडा होतो. घडा झाला नाही एवढ्यावरून 'माती वाईट होती' असं म्हणता येत नाही. इथे तर आपल्याला माहीत आहे की भ्रूण न रुजण्यामागे पुष्कळदा भ्रूणातल्याच गुणसूत्रांची गडबड असते, आणि ती कुणाच्या वागण्याने होत नाही. जिना चढल्याने नाही, पपई खाल्ल्याने नाही, मनात शंका आल्यानेही नाही.

याच्या मुळाशी एक जुनं रूपक आहे: स्त्री म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज. पीक आलं नाही तर जमीन नापीक. खाण तशी माती, हेही आपण सहज बोलून जातो. हे रूपक दोनदा चुकतं. एक तर भ्रूणात अर्धा वाटा स्त्रीबीजाचा असतो. दुसरं, अस्तर म्हणजे निपचित पडलेलं शेत नव्हे. त्याच्या पेशी आलेल्या भ्रूणाला प्रतिसाद देतात, आणि सदोष भ्रूणाला नाकारणं हेही त्यांचंच काम असावं, असं संशोधक मानतात. तेव्हा कित्येकदा न रुजणं हे अस्तराचं अपयश नसेलही.

या अपराधीपणावर बाजारही उभा राहतो. आधी अस्तराला मुद्दाम बारीक ओरखडा काढला तर भ्रूण रुजतं, अशी समजूत होती. २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण सारखंच, २६.१ टक्के. अस्तराच्या जनुकांवरून भ्रूण सोडण्याची वेळ ठरवणारी महागडी तपासणी आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती सरसकट करून फायदा दिसला नाही. म्हणून जादा तपासणी सुचवली गेली, तर 'याने बाळ होण्याचं प्रमाण वाढतं असं चाचणीत दिसलंय का?' असं शांतपणे विचारावं. हा उद्धटपणा नाही, साधा विवेक आहे.

तर तयारी आवश्यक आहे. ती नीट, वेळेवर करावी. पण ती पुरेशी नाही, आणि जे पुरेसं नाही त्याच्या यशापयशाचा जाब कुणा एकीकडे मागता येत नाही. पुढच्या व्याख्यानात आपण संभाव्यतेकडे वळू: चाळीस टक्के शक्यता आहे असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा ते त्या एका स्त्रीबद्दल नेमकं काय सांगत असतात?