पायलट व्हायचंय? आधी २०० तासांचा हिशोब मांडू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आधीच सांगतो, मी पायलट नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पिंपळे सौदागरला राहतो. मग हा विषय का? तर मामामुळे. मामाचं चाकण एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी मशीन, गाड्यांच्या पार्ट्सचं जॉबवर्क. त्याचा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला आणि त्याला पायलटच व्हायचंय. एका फ्लाइंग स्कूलने सांगितलं, दोन दिवसांत टोकन भरा, सीट जाईल. मामा घर तारण ठेवायला निघालाच होता. मला फोन करून म्हणाला, "अरे, तू शिकलेला आहेस, जरा बघ. खेडचं विमानतळ पुरंदरला गेलं, निदान पोरगं तरी उडू दे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याचं नवं विमानतळ आधी आमच्या खेड-चाकणकडे व्हायचं होतं. वर्षानुवर्षं चर्चा, विरोध, सर्वे, आणि २०१६ मध्ये पुरंदर ठरलं. असो.

तर मी दोन आठवडे नियम वाचले. एअरलाइनमध्ये उडवायला कमर्शियल पायलट लायसन्स लागतं, सीपीएल. ते डीजीसीए देतं. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, मेडिकल, लेखी पेपर, आणि किमान २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड. पुढे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, त्याचे पैसे वेगळे. इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. हे ऐकून मामीला जरा वाईट वाटलं.

वाटा ढोबळमानाने तीन. पहिली, भारतातलं फ्लाइंग स्कूल. आपल्या महाराष्ट्रातच बारामती, धुळे, गोंदियाचं बिरसी अशी ठिकाणं आहेत. खर्च साधारण पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर, आणि नोकरी तुमची तुम्ही शोधायची. दुसरी, परदेश. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड. तास भराभर होतात, पण फी डॉलरमध्ये, आणि परत आल्यावर डीजीसीएचे पेपर देऊन लायसन्स इथलं करून घ्यायचंच. तिसरी, एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम. आधी निवड परीक्षा, मग त्यांनी ठरवलेल्या अकादमीत ट्रेनिंग, टाइप रेटिंगसकट. खर्च कोटीच्या घरात जातो आणि तो तुम्हीच करायचा. बदल्यात नोकरीची ऑफर असते, पण अटींसह. कोविडमध्ये कॅडेट मुलंसुद्धा वाट बघत बसली होती.

मामाचं म्हणणं, "इंडिगोने ५०० विमानं मागवलीत, एअर इंडियाने ४७०. पायलट लागणारच ना?" लागणार. दोन्ही ऑर्डरी २०२३ च्या आहेत, खऱ्या आहेत. पण त्याच २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट. अशा वेळी हजारो तासांचे पायलट बाजारात येतात आणि २०० तासवाला त्यांच्या मागे रांगेत. विमानं वीस वर्षांत येतील हो, पण हप्ता पुढच्या महिन्यात सुरू होतो.

आता मुद्द्याचं. सगळी ब्रोशर एकूण फी दाखवतात. मला वाटतं बघायचा आकडा दुसरा आहे: एका मुलाला महिन्याला प्रत्यक्षात किती तास मिळतात? महिन्याला २० तास मिळाले तर २०० तास १० महिन्यांत. १० मिळाले तर २० महिने. ६ मिळाले तर जवळपास तीन वर्षं, आणि तेवढा काळ हॉस्टेल, मेस, व्याज चालूच.

बरं, नुसता उशीर नाही. लायसन्सचा अर्ज करताना पायलट-इन-कमांडचे किमान १५ तास गेल्या सहा महिन्यांतले लागतात. रात्रीच्या उड्डाणांनाही अशीच सहा महिन्यांची अट आहे. म्हणजे विमान मिळालं नाही आणि मुदत सरकली, तर ते तास पुन्हा उडायचे, पुन्हा पैसे भरून. आमच्या भाषेत सांगायचं तर बिल्ड शेवटच्या स्टेपला फेल होतो आणि तुम्ही परत मागे.

ही नुसती भीती नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन ट्रेनिंग विमानं कोसळली आणि डीजीसीएने तिथलं ट्रेनिंग थांबवलं. कारवाई योग्यच होती. पण निम्मे तास झालेल्या मुलांचं काय झालं असेल, विचार करा. आता २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलांची क्रमवारी लावतं, ती जरूर बघा.

मग आम्ही एक काम केलं. एका धावपट्टीवर (नाव नको) मी, मामा आणि भाऊ मंगळवारी सकाळी जाऊन कुंपणाबाहेर बसलो. आभाळ स्वच्छ. शेडजवळ ११ विमानं दिसत होती, तीन तासांत उडाली ती चारच. ऑफिसमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "बाकीची मेंटेनन्सला आहेत."

मामा आयुष्यभर मशीनवाला. त्याला माझ्या एक्सेल शीटपेक्षा हे पटकन कळलं. त्याने लगेच विचारलं, "इंजिन ओव्हरहॉलला कुठे पाठवता? किती दिवसांनी परत येतं? स्पेअर इंजिन आहे का? इन्स्ट्रक्टर किती?" समोरचा माणूस ब्रोशरच पुढे सरकवत राहिला. परत येताना राजगुरुनगरच्या टपरीवर चहा घेताना मामा म्हणाला, "आपला स्पिंडल गेला तर पार्टी दुसऱ्या दिवशी ऑर्डर दुसरीकडे देते. इथे पोरांनी पैसे आधीच भरलेत, ती कुठे जाणार?"

टोकन भरलं नाही. आता क्रम असा ठरलाय की कमी पैशांत 'नाही' कळतं ते आधी. पहिलं मेडिकल, क्लास टू आणि मग क्लास वन. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात गडबड असेल तर ते आज कळलेलं बरं, घर तारण ठेवल्यावर नको. मग घरी बसून पेपरांचा अभ्यास: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पासिंग ७० टक्के. बरोबरीने कॅडेटची निवड परीक्षा देऊन बघायची. शाळा ठरवायची ती यानंतर, आणि फी एकदम न भरता तासांनुसार हप्त्यांत घेणारी.

भाऊ थोडा नाराज आहे, त्याला याच महिन्यात उडायचं होतं. मेटिऑरॉलॉजीचं पुस्तक मात्र आणलंय. क्लास टूची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीये, मामा वर्कशॉप बंद ठेवून सोबत जाणार आहे.